टाको अन् क्राफ्ट बीअरचा वीकेंड, तेही संभाजीनगरात, घरच्या घरी

आधीच सांगतो, हे पुण्या-मुंबईवाल्यांसाठी नाही. त्यांचं काय, शनिवारी संध्याकाळी कॅब बोलवायची, टॅपवरची ताजी बीअर मागवायची, तीन टाकोंचे पाचशे-सहाशे मोजायचे, फोटो टाकायचा, विषय संपला. आपल्याकडं गंमत उलटी आहे. बीअरचं गाव खरं तर आपलंच. वाळूज एमआयडीसीत मोठमोठे बीअरचे कारखाने आहेत, मी तिकडंच एका पार्टच्या कंपनीत शिफ्ट करतो, अन् पहाटे बसमधून उतरलं की कधीकधी उकडलेल्या धान्याचा असा गोडसर वास येतो की वाटतं कुणीतरी चुलीवर गव्हाची खीर टाकली. एवढी बीअर उशाशी, पण छोट्या प्रमाणात मन लावून केलेली, वेगवेगळ्या चवीची प्यायची म्हटलं की आपली मान पुण्याकडंच वळते.

अन् टाको? इकडं मिळतो तो बहुतेक कडक कुरकुरीत शेलचा, पहिल्याच घासाला दोन तुकडे, अर्धा तोंडात अर्धा शर्टावर. मेक्सिकोत रस्त्यावर खातात तो असा नसतोच. तिथला टाको म्हणजे तळहाताएवढी मऊ मक्याची भाकरी, तिच्यात मटण नाहीतर घेवडा, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. आता तुम्ही म्हणाल की हे तर आम्ही शेतात कवापासून खातो. बरोबर, माझंही म्हणणं तेच आहे. मका सिल्लोड-कन्नडचा, चुना पानटपरीचा, बोकड आपल्या नेहमीच्या खाटकाकडचं, तर्री तर काय विचारूच नका. परदेशी सामान जवळपास काहीच लागत नाही, तजवीज करावी लागते ती फक्त बीअरची, अन् थोडा वेळ हाताशी लागतो. तीन-चार वेळा माती खाऊन जो हिशोब बसला तो लिहितोय.

बीअरची तजवीज, म्हणजे शुक्रवारच्या आतली कामं

पहिलं कागदाचं, कारण ते कुणीच करत नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला, विकत घ्यायला, जवळ ठेवायला परवाना लागतो, कायदा १९४९ चा आहे. एका दिवसाचा पाच रुपयात दुकानातच फाडून देतात, आयुष्यभराचा एक हजारात होतो, तोच काढून पाकिटात टाकून द्या. गाडीतून बाटल्या आणणार असाल तर परवाना अन् दुकानाचं बिल दोन्ही जवळ पाहिजे, उगं नाक्यावर हात जोडत बसायची पाळी नको. वय माइल्ड बीअरला २१, स्ट्राँगला २५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे बघून तारीख धरा, निवडणुकीचे वेगळे. अन् व्हिडिओ बघून घरीच बीअर करायचं किट मागवू लालता काय, तर राहू द्या, बिनालायसनची भट्टी ती भट्टीच, मग ती गुळाची असो की अमेरिकन किटची.

आता घ्यायची कोणती. आपल्याकडं बीअर म्हणजे स्ट्राँग, सात-आठ टक्क्यांची, थंडगार करून घटाघट, कारण हिशोब एकच की किती रुपयात किती चढली. त्या हिशोबाला मी नावं ठेवत नाही, कॉलेजात आपणही तेच केलं. पण जेवणासोबत दोन दिवस हळूहळू प्यायची तर ती बीअर कामाची नाही, दुसऱ्या ग्लासाला जीभ सुन्न होते अन् मटण कसं झालंय ते कळतच नाही. साडेचार ते सहा टक्क्यांच्या मधली घ्या.

व्हीट बीअर म्हणजे गव्हाची, थोडी ढगाळ दिसते. जर्मन पद्धतीची असेल तर तिला पिकल्या केळाचा अन् लवंगेचा वास येतो, आत केळंही नसतं अन् लवंगही नसते, सगळी करामत यीस्टची. बेल्जियन पद्धतीची असेल, तिला विट म्हणतात, तिच्यात मात्र धने अन् संत्र्याची साल खरोखर टाकतात, म्हणून ती आपल्या जेवणाला लवकर सूत जुळवते. मग अँबर किंवा व्हिएन्ना लागर, तांबूस रंगाची, भाजलेल्या ब्रेडसारखी चव. ही मेक्सिकोत लई चालते अन् त्याला कारण आहे, एकोणिसाव्या शतकात तिकडं जर्मन अन् ऑस्ट्रियन लोक गेले, मधे १८६४ ते १८६७ ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला मॅक्सिमिलियन तिथला बादशहाच होता, बादशहाला गोळ्या घातल्या पण बीअर टिकली. मटणाच्या टाकोसोबत माझ्या मते हीच. स्टाउट काळी, भाजलेल्या जवामुळं कॉफीसारखी कडवट, ती रात्री उशिरा एखादी. आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सवाली कडू बीअर, मात्र तिखटासोबत नको, हॉप्स म्हणजे बीअरला कडू चव देणारी फुलं, त्यांचा कडूपणा मिरचीला अजून भडकवतो, मी ठेच्यासोबत पिऊन बघितली, कानातून धूर निघायचा बाकी होता.

मिळते कुठं? शहरातल्या मोठ्या वाइन शॉपात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोपऱ्यात चार-सहा कॅन पडलेले असतात, त्यात शोधायचं. पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका, आपल्याकडं ही बीअर हळू खपते म्हणून जुनी निघायची शक्यता जास्त, सहा महिन्यांवरची असली की मी परत ठेवतो. शोकेसमधे उन्हात ठेवलेली हिरवी किंवा पांढरी बाटली तर अजिबात नको, हॉप्सवर उजेड पडला की बीअरला एक घाण वास धरतो, तपकिरी बाटली तो बराचसा अडवते, कॅनमधे तर प्रश्नच नाही. नाहीतर मग पुण्याचा माणूस धरायचा. पुण्यात २००९ साली दूलाली ही क्राफ्ट बीअर करणारी जागा सुरू झाली, नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट आली, ग्रेट स्टेट एल वर्क्सवाले कॅनमधे भरून देतात, अन् मूनशाइनवाले तर मधापासून मीड करतात, ती बीअर नाही पण एकदा चाखायसारखी आहे. प्रत्येकाचा एखादा मावसभाऊ पुण्यात असतोच.

माझा होता. मे महिन्यात त्याला सांगितलं येताना ताजी घेऊन ये, त्यानं काचेचा मोठा जग भरून घेतला अन् डिकीत टाकला, बाहेर बेचाळीस डिग्री. ही बीअर गाळलेली नसते, यीस्ट जिवंत असतं, गरम झालं की ते परत कामाला लागतं अन् आत दाब वाढत जातो. नेवासा फाट्याच्या अलीकडं डिकीत फट्ट आवाज झाला, त्याला वाटलं टायर फुटलं, उतरून चारी चाकं बघितली. घरी आला तेव्हा जगमधे तळाशी चार बोटं उरलेली, अन् त्या गाडीला पुढं दोन महिने वास. मावशी रोज विचारायची, गाडीत पीठ आंबवतोस का रे. म्हणून सांगतो, मासेवाल्याकडून थर्माकोलचा डबा घ्यायचा, बर्फ, बर्फावर कॅन, डबा डिकीत नको, एसीसमोर मागच्या सीटवर ठेवायचा. घरी आली की सरळ फ्रीजमधे उभी, अन् जगमधली असेल तर एक-दोन दिवसात संपवायची, कॅनची थोडी जास्त टिकते.

तीन माणसांना दोन दिवसांसाठी अर्ध्या लिटरचे आठ-नऊ कॅन पुरतात. त्याहून जास्त आणले तर संपवले जातात, एवढाच फरक.

शुक्रवार रात्र: मका भिजवायचा, खरं तर उकडायचा

सगळ्या वीकेंडचा जीव ह्या एका कामात आहे. दुकानातलं मक्याचं पीठ आणून थापलं की भाकरी होते, टाकोची चव येत नाही अन् दुमडली की चिरते. मेक्सिकोवाले मका चुन्याच्या पाण्यात उकडतात. चुन्यामुळं दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं, लवचिक होतं, अन् एक वेगळाच खरपूस वास धरतो. शिवाय मक्यातलं बी-३ व्हिटॅमिन अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही युक्ती मागंच राहिली, अन् तिथले गरीब लोक नुसता मका खाऊन पेलाग्रा नावाच्या रोगानं पिढ्यान्पिढ्या हैराण झाले. दाणा नेला, चुना विसरले.

अर्धा किलो वाळलेला मका घ्या, जाधववाडीला मार्केट यार्डात मिळतो, किराणावाल्याला सांगितलं तरी आणून देतो. पेरणीचं बियाणं, ते गुलाबी-लाल रंग लावलेलं, चुकूनही नको, त्याला औषध चोळलेलं असतं. निवडून धुऊन स्टीलच्या पातेल्यात टाका, ॲल्युमिनियमचं नको कारण चुना त्याला खातो. दोन लिटर पाणी. खायचा चुना ओला असेल तर दीड छोटा चमचा, कोरडी पूड असेल तर एक. पानवाल्याकडून साधा पांढरा मागा, वासाचा नको. मी गेलो तेव्हा त्यानं विचारलं तंबाखू कोणती देऊ, म्हटलं तंबाखू नको, टाको करायचेत, तो म्हणाला ही कोणती नवी पुडी.

चुना आधी वाटीभर पाण्यात कालवून मग ओता, हात नंतर धुवा, डोळ्याला लावू नका. मंद आचेवर तीस-चाळीस मिनिटं. रंग एकदम पिवळाधमक होतो, घाबरू नका. एक दाणा काढून दोन बोटांत चोळा, साल सुटून बोटाला चिकटलं अन् दाणा आत अजून थोडा टणक असला की गॅस बंद. झाकून रात्रभर तसंच राहू द्या. पहिल्या वेळी मला वाटलं चुना जास्त टाकला तर लवकर होईल, तीन चमचे टाकला, टाकोला अंगाच्या साबणाची चव आली, पोरांनी थू थू केलं.

शनिवार सकाळ: दळण

सकाळी पाणी ओतून द्या, दोन-तीन पाण्यात दाणे चोळून धुवा, निम्मं-अर्धं साल निघालं की बास, सगळं काढत बसू नका, चिकटपणा त्यातच आहे. आता वाटायचं. मिक्सरमधे घाई केली, पाणी जास्त घातलं, तर डोशाचं पीठ होतं, मग त्यात कोरडं पीठ मिसळत बसायचं, माझं तसं दोनदा झालंय. इडलीचा ग्राइंडर असेल तर उत्तम. नाहीतर मूठ-मूठ दाणे, चमचा-चमचा पाणी, मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. अन् घरी पाटा-वरवंटा असेल तर काय सांगू, मेक्सिकोतल्या बाया हेच काम मेताते नावाच्या दगडी पाट्यावर करायच्या, हुबेहूब आपलाच पाटा, फक्त त्याला तीन पाय अन् थोडा उतार. माझ्या आईनं फोटो बघितला अन् म्हणाली ह्याला टाकी लावायची झालीय.

वाटलेलं पीठ मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून बघा, कडा फाटल्या तर पाण्याचा हात, हाताला चिकटलं तर अजून थोडा वेळ उघडं ठेवा. दुधाची पिशवी कापून धुऊन घ्या, तिच्या मधे गोळा, वर पाटी किंवा जड ताट ठेवून दाबा, पुरीचं प्रेस असेल तर लई सोपं. तवा लोखंडी अन् चांगला तापलेला. पहिली बाजू वीस सेकंद, फक्त तव्यावरून सुटेपर्यंत, दुसरी पाऊण मिनिट, परत पहिली, आता वरून बोटांनी जरा दाबा, फुगली पाहिजे. फुगली की टोपल्यात, सुती कपड्यात गुंडाळून, एकावर एक. ही वाफेची दहा मिनिटं चुकवू नका, तव्यावरून काढल्या काढल्या दुमडली तर तडकते, कपड्यात मुरली की रुमालासारखी मऊ होते. अर्ध्या किलोत पंचवीसेक होतात.

हे सगळं नको असेल तर ज्वारीवर या. मालदांडीचं ताजं दळलेलं पीठ, उकळत्या पाण्यात उकड काढून मळलेलं, त्याच्या छोट्या छोट्या भाकऱ्या, तश्याच कपड्यात. तो मेक्सिकोचा टाको नाही, पण खरं सांगू का, भरताबरोबर मला तोच जास्त आवडतो. फक्त गरम असतानाच खायचा, गार झाला की ज्वारी दुमडायला तयार होत नाही.

ज्वारीचं निघालंच म्हणून, नायजेरियात १९८८ ला जवाचा माल्ट, म्हणजे बीअरसाठी मोड आणून वाळवलेलं जव, बाहेरून आणायला बंदी केली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीची बीअर करायला घेतली अन् अजूनही करतात. इथं शाळूच्या कोठारात बसून आपण जवाची पितो. कुणीतरी ज्वारीची क्राफ्ट बीअर काढा रे, मी पहिला गिऱ्हाईक.

शनिवार दुपार: मटण, म्हणजे बिर्रिया

हलिस्को नावाचं मेक्सिकोतलं राज्य आहे, तिथं बोकडाचं मटण वाळल्या मिरच्यांच्या वाटणात मंद शिजवतात, त्याला बिर्रिया म्हणतात. मटण सोडवून टाकोत, रस्सा वाटीत, अन् वर आलेली लाल तर्री, तिच्यात टॉर्टिया, म्हणजे आपण केलेली ती मक्याची भाकरी, बुडवून तव्यावर परतायची. मी पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा म्हटलं हा तर आपला खलियाच आहे की. जुन्या शहरात नान-खलिया खाल्लेल्या माणसाला बिर्रिया समजावून सांगायची गरजच नाही, तर्रीत नान बुडवायची सवय आहेच, नानच्या जागी मका.

एक किलो मटण, खांदा अन् नळ्या, हाडासकट. बारीक तुकडे करू देऊ नका, खाटकाला सांगा मोठे ठेव. आठ-दहा ब्याडगी, बिया काढून, रंगासाठी, अन् तीन-चार आपल्या तिखट मिरच्या, तव्यावर नुसत्या गरम करायच्या, करपल्या की रस्सा कडू. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. दोन टोमॅटो, एक कांदा, दहा-बारा लसूण पाकळ्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. हे सगळं, जिरं, सात-आठ मिरे, तीन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा अन् दोन चमचे व्हिनेगर असं बारीक वाटून चाळणीतून गाळा. गाळणं टाळू नका, मिरचीची सालं घशात अडकतात. ओरेगॅनो लागतो, पिझ्झासोबत आलेल्या पुड्या प्रत्येकाच्या फ्रीजच्या दारात असतात, त्यातल्या दोन फोडा, शेवटी कामाला आल्या. खोबरं नको, तीळ नको, येसर नको, इथं हात आवरा, नाहीतर तो आपला काळा रस्सा होतो, चांगला लागतो पण मग टाको कामून करायचे.

मटणाला वाटण अन् मीठ लावून तासभर, मग थोड्या तेलात परतून, बुडेल एवढं पाणी, तेजपान, कुकरला मंद आचेवर सहा शिट्ट्या. उघडून बघा, बोटांनी मटण हाडावरून सुटलं पाहिजे, नसेल तर अजून दोन. थोडं निवू द्या, तर्री वर येईल, ती पळीनं वेगळ्या वाटीत. मटण सोडवून घ्या, रस्सा परत उकळत ठेवा.

शाकाहारी लोकांचं आधीच बघा, नाहीतर ते बिचारे कांदा खात बसतात. भाजलेल्या वांग्याचं भरीत, कोरडं, पाणी न सुटलेलं, किंवा शिजवून जरा ठेचलेला राजमा लसूण-जिऱ्याच्या फोडणीत. दोन्ही मक्याच्या टाकोत जबरदस्त लागतात.

वरचं काय काय

हिरवी साल्सा मेक्सिकोत टोमॅटियो नावाच्या हिरव्या फळानं करतात, तो मिळत नाही, कच्चे हिरवे टोमॅटो भाजून हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ घालून भरडा, आपली कच्च्या टोमॅटोची चटणीच ती, फक्त शेंगदाणे अन् गूळ नको. शेंगदाण्याची हौस दुसरीकडं भागते, वेराक्रूझ भागात साल्सा माचा नावाची चटणी आहे, वाळल्या मिरच्या, लसूण अन् शेंगदाणे तेलात तळून जाडसर वाटायचे, तेलातच ठेवायची. म्हणजे आपली शेंगदाण्याची चटणी तेल घालून घेतो तीच, त्यामुळं मी सरळ घरच्या चटणीवर गरम तेल ओततो अन् साल्सा माचा म्हणून वाढतो, आजवर कुणी पकडलं नाही. ॲव्होकॅडोच्या नादी लागू नका, इथवर येईपर्यंत एकतर दगड असतो नाहीतर काळा. बारीक चिरलेला पांढरा कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, एवढं बास.

जे पीत नाहीत त्यांच्यासाठी, अन् गाडी चालवून परत जाणाऱ्यासाठी तर नक्कीच, अंबाडीचं सरबत करा. मेक्सिकोत हामायका म्हणून लाल सरबत टाकोसोबत घराघरात पितात, ते लाल अंबाडीच्या बोंडांचंच. वाळलेली बोंडं मूठभर, लिटरभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गाळून, साखर अन् गार पाणी. रंग असा येतो की बीअरवाले पण मागतात.

शनिवार संध्याकाळ: आता बसायचं

बीअर बर्फासारखी गार करू नका. फार गार असली की चवच लागत नाही, स्ट्राँगवाले गार का मागतात ते आता कळलं असेल. अँबर, व्हीट फ्रीजमधून काढून पाच-सात मिनिटं बाहेर, स्टाउट पंधरा-वीस. आपल्या उन्हाळ्यात ह्याच्या निम्मं धरा. ग्लास साधे काचेचे चालतील पण साबणाचा अन् तेलाचा अंश नको, त्यानं फेस मरतो, अन् फ्रीझरमधे ठेवलेला ग्लास नको. ओतताना ग्लास तिरका, निम्मा भरला की सरळ, वर दोन बोटं फेस राहू द्या, वास सगळा फेसातून येतो. व्हीट बीअरचा शेवटचा घोट कॅनमधे ठेवून जरा फिरवा अन् मग ओता, तळाशी बसलेलं यीस्ट त्यात येतं. साधी लागर उरली असेल तर ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून मीठ-मिरचीपूड लावा, लिंबाचा रस पिळा, त्याला तिकडं मिचेलादा म्हणतात.

टाको एकदम करून ठेवू नका, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एक माणूस तव्यावर, बाकीचे खाणारे, पाळी-पाळीनं. टॉर्टिया तर्रीत दोन्ही बाजूंनी बुडवली, तव्यावर टाकली की चर्र आवाज अन् लाल तेलाचे बारीक बुडबुडे कडेनं, अर्ध्या भागावर मटण, हवं तर किसलेलं चीज, दुमडली, कडा कुरकुरीत होईपर्यंत उलथण्यानं दाबून धरली, ताटात. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. शेजारी वाटीत गरम रस्सा, त्यात टोक बुडवायचं अन् खायचं. रस्सा कोपरापर्यंत ओघळला पाहिजे, चमचे-काटे मागणाऱ्याला अंबाडीचं सरबत द्या. तिखट जास्त झालं तर बीअर ओतून काही होत नाही, मिरचीची आग तिनं विझत नाही, ताकाचा तांब्या जवळ ठेवा.

बसलोच आहोत तर एक विषय आमच्याकडं दरवेळी निघतो, पाण्याचा. एक लिटर बीअरला कारखान्यात तीन-चार लिटर पाणी जातं, अन् ते येतं जायकवाडीतून. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणू लागले होते, त्याच महिन्यात हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानं दारू-बीअरच्या कारखान्यांचं पाणी ५० टक्के अन् मे महिन्यात ६० टक्के कापायला लावलं. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळ यायचा. तेव्हापासून आमच्यात एक मित्र आहे तो ग्लासात बीअर टाकून उठत नाही, कुणी टाकली तर त्याचीपण पिऊन टाकतो. त्याला आम्ही जलसंधारण म्हणतो.

रविवार

दहाच्या आधी कुणाला उठवू नका. रात्रीच्या सात-आठ टॉर्टिया उरल्या असतील, कडक झालेल्या. त्यांचे तुकडे करून जरा तेलात कुरकुरीत करा, उरलेली हिरवी साल्सा कढईत गरम करून त्यात टाका, दोन मिनिटं, अर्धे मऊ अर्धे कुरकुरीत असतानाच गॅस बंद, वर कांदा अन् घट्ट दही, हवं तर हाफ फ्राय. ह्याला चिलाकिलेस म्हणतात, मेक्सिकोत रात्रीच्या उताऱ्यावर हेच खातात. माझ्या बायकोनं एक घास घेतला अन् म्हणाली, फोडणीची भाकरी आहे ही, एवढं नाव कशाला.

रस्सा उरला असेल तर फ्रीजमधून काढल्यावर वर तर्रीचा लाल थर गोठलेला दिसेल, तो फेकू नका, दुपारच्या भाकरीला लागतो. बीअर बहुतेक उरत नाही. एखादा स्टाउटचा कॅन उरलाच तर मागं लपवून ठेवा, मावसभाऊ संध्याकाळी परत निघताना फ्रीज उघडून बघतोच, अन् त्याला गाडी चालवायची असते.